आधी दात सोडा, मग मान सरळ करा : जबडा आणि मानेचे व्यायाम कोणत्या क्रमाने करायचे

मान दुखते म्हटल्यावर ‘हनुवटी मागे घ्या’ हा व्यायाम हल्ली सगळ्यांनाच माहीत असतो. कुणी मोबाईलवर पाहिलेला असतो, कुणाला दवाखान्यात कागदावर लिहून मिळालेला असतो. करून दाखवा म्हटलं की बहुतेक माणसं ओठ घट्ट मिटतात, दातावर दात आवळतात आणि मग हनुवटी मागे दाबतात. मान मागे जाते खरी, पण त्याच वेळी गालफडं फुगतात, कानशिलं ताठ होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे उभे राहतात. ज्यांना आराम द्यायचा, तेच स्नायू कामाला लागतात.

वेंगुर्ल्याकडच्या एक काकू काजूगराची साल सोलण्याच्या कामाला जातात. दोन महिने नेमाने व्यायाम करत होत्या, फरक शून्य. मी त्यांच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली आणि व्यायाम करायला सांगितला. बोटांखाली सुपारीएवढा टणक उंचवटा आला. “काकू, दात सोडा,” म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “माका वाटला, जोर लावल्याशिवाय फरक कसो पडतलो?” व्यायाम तोच ठेवला, फक्त दात सुटे ठेवून करायला लावला. मानेच्या मागची ओढ त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली.

खालचा क्रम त्यासाठीच आहे. टप्पे पुढेमागे करू नका. पहिल्या दोन टप्प्यांत व्यायाम केल्यासारखं वाटतच नाही, म्हणून लोक ते गाळतात, आणि नेमकं तिथेच बिनसतं.

## सुरू करण्याआधी : कोणी थांबायचं

खालीलपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी दवाखान्यात जा.

- चालताना, चढ चढताना जबडा दुखतो, सोबत छातीत दडपण, घाम किंवा हातात कळ येते. हे हृदयाचं दुखणं असू शकतं. वाट पाहू नका.
- पायात खिळा, काटा किंवा गंजका गळ घुसला होता आणि काही दिवसांनी जबडा उघडेनासा झाला, मान आखडली. ही धनुर्वाताची सुरुवात असू शकते. दातखीळ बसायची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
- आंब्यावरून, माडावरून किंवा गाडीवरून पडल्यानंतर मान दुखते आहे. तपासणी होईपर्यंत मान ताणायची नाही, कोणाकडून चोळून किंवा ‘बसवून’ घ्यायची नाही.
- हाताला मुंग्या येतात, पकड ढिली पडली आहे, चालताना तोल जातो.
- वय पन्नासच्या पुढे आहे, कानशिलात नव्यानेच डोकेदुखी सुरू झाली आहे, घास चावताना जबडा थकून दुखतो किंवा नजर अंधुक होते. ही रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.
- र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे. त्यात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात.
- जांभई देताना जबडा उघडा राहिला आणि मिटत नाही. घरी जोर लावून मिटवू नका.

आता एक तपासणी सगळ्यांनी करायची. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरून उभी करा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. स्वतःची तीन बोटं जायला हवीत. निरोगी माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. दोनच बोटं जात असतील, तिखट खाल्लं की तोंडात आग होत असेल आणि सुपारी, मावा किंवा गुटख्याची सवय असेल, तर तो प्रश्न मानेचा नाही. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर चामड्यासारखं घट्ट होत जातं आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. दंतवैद्याकडे जा. आपल्याकडे घरोघरी पानसुपारीचं तबक असतं, त्यामुळे ही तपासणी कधीच गाळू नका.

## तयारी

लागणारं सामान थोडं आहे : डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला आरसा, सरळ पाठीची खुर्ची, चटई, एक टॉवेल आणि एक वही. खुर्ची ताठ बैठकीची हवी. पडवीतली आरामखुर्ची किंवा झोपाळा नको, त्यात डोकं आपोआप पुढे येतं.

गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल मानेवर आणि मग दोन्ही गालांवर, मिळून दहा मिनिटं ठेवा. सोसवेल इतपतच गरम. तोंडात पान, तंबाखू, मशेरी काही नको. जेवणानंतर लगेच बसू नका.

वहीत पहिल्या दिवशी तीन गोष्टी लिहा : तोंडात किती बोटं जातात, मान डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर हनुवटी खांद्याच्या किती जवळ जाते, आणि सकाळी उठल्यावर गाल किंवा कानशीळ जड असतं का. पुढच्या खुणा याच तीन.

## टप्पा १ : जबडा आणि मान एकत्र काम करतात हे हाताला कळू द्या

वाचून पटण्यापेक्षा बोटांना कळलेलं जास्त टिकतं, म्हणून तीन प्रयोग करा. एकदाच करायचे, व्यायाम म्हणून रोज नाही.

पहिला. कानामागच्या हाडापासून गळ्याच्या खळगीकडे तिरका येणारा जाड स्नायू चिमटीत हलकेच धरा. मान एका बाजूला वळवली की विरुद्ध बाजूचा उठून दिसतो. आता मान सरळ ठेवून दात एकदा घट्ट आवळा. मान हलली नाही, तरी तो स्नायू चिमटीत ताठरतो. डोकं स्थिर राहावं म्हणून जबड्याच्या जोराला मान अशी साथ देते. दिवसभर दात आवळणाऱ्याची मान दिवसभर ही साथ देत राहते.

दुसरा. हनुवटी छातीला टेकवून तोंड मोठं उघडायचा प्रयत्न करा. उघडत नाही. वडापावचा मोठा घास घेताना मात्र डोकं आपोआप किंचित मागे जातं आणि तोंड सहज उघडतं. खालचा जबडा खाली जातो तेव्हा वरचा भाग, म्हणजे अख्खं डोकं, मान थोडं मागे नेते. मान आखडली की तोंड उघडायलाही त्रास होतो, तो यामुळेच.

तिसरा. सरळ बसून मागचे दात अगदी हलके टकटक वाजवा आणि कुठे टेकतात ते लक्षात ठेवा. डोकं मागे झुकवून वाजवा. मग हनुवटी खाली घेऊन वाजवा. मागे झुकल्यावर दात जास्त मागे टेकतात, खाली वाकल्यावर पुढे. दात तेच आहेत, मानेची ठेवण बदलली की जबड्याची जागा बदलते.

यामागची रचना सोपी आहे. हनुवटीच्या खाली, कंठमण्याच्या वर घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड असतं, त्याला कंठिका म्हणतात. ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही, नुसतं स्नायूंवर तरंगतं. वरून त्याला जबडा धरून आहे, खालून छातीचं हाड आणि खांद्याचं पातं. डोकं पुढे काढून समोर पाहिलं की हे स्नायू ताणले जातात आणि जबड्याला खाली-मागे ओढतात. मग तोंड मिटलेलं ठेवायला गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंना सतत जोर लावावा लागतो. शिवाय चेहरा-जबड्याची वेदना वाहणारी नस आणि मानेच्या वरच्या मणक्यांतल्या नसा मज्जारज्जूत एकाच जागी येऊन मिळतात. म्हणून मानेचं दुखणं कानशिलात जाणवतं आणि जबड्याचं कानामागे.

> सावध : मान दुखणाऱ्या प्रत्येकाचा दोष जबड्यात नसतो. पहिल्या प्रयोगात काही विशेष जाणवलं नाही, गाल दुखत नाहीत, सकाळी जबडा जड नसतो, तर तुमची वाट बहुधा वेगळी आहे. फिजिओथेरपिस्टला दाखवा.

## टप्पा २ : जबड्याची विश्रांतीची जागा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. सैल जबडा म्हणजे उघडं तोंड नव्हे. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही त्याची खरी जागा. वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर अंतर असतं. दात एकमेकांना टेकायचे ते चावताना आणि गिळताना. बाकी दिवसभर टेकायचं काही कारण नाही.

जागा सापडायची युक्ती : ‘मान’ हाच शब्द सावकाश म्हणा. ‘मा’ म्हणताना जबडा सुटतो. ‘न’वर थांबा. जिभेचा शेंडा वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्याला टेकलेला असतो. तो तिथेच ठेवा, आवाज बंद करा, जिभेचा पुढचा पसरट भाग टाळूला अलगद लागू द्या आणि दात न टेकवता ओठ मिटा. बस्स. जिभेने टाळू दाबायचा नाही, शेंडा दातांना ढकलायचा नाही.

या जागेवर एक मिनिट थांबा आणि नाकाने श्वास घ्या. दिवसातून पाच-सहा वेळा करा, पण त्यासाठी गजर लावू नका, कामाला जोडा : पाणी भरताना, एसटीची वाट पाहताना, चुलीवर किंवा गॅसवर काही चढवलं असताना. दाराच्या चौकटीवर, आरशावर, गाडीच्या हँडलवर रंगीत टिकली चिकटवा. टिकली दिसली की विचारा, दात टेकलेत का?

> तपासा : दोन्ही तळहात गालांवर ठेवा. विश्रांतीच्या जागेवर गाल भाकरीच्या पिठासारखे मऊ लागायला हवेत. टणक लागले तर ओठ बंद आहेत, पण दातही बंद आहेत.

नेहमीची चूक : दात सुटे ठेवायचे म्हणून खालचा जबडा पुढे काढून धरणं. तेही आवळणंच आहे. अंतर जबडा लटकल्यामुळे यायला हवं.

निदान आठवडाभर फक्त हाच टप्पा करा.

## टप्पा ३ : श्वास

नाक चोंदलं की तोंडाने श्वास सुरू होतो, जीभ खाली येते, डोकं पुढे जातं. छाती वर उचलून श्वास घेणाऱ्याचे गळ्याच्या बाजूचे स्नायू दर श्वासाला राबतात. पावसाळ्यात ज्यांचं नाक महिनोन्‌महिने बंद असतं, त्यांनी आधी नाकाचा इलाज करावा. तोपर्यंत मानेच्या व्यायामातून फार अपेक्षा धरू नये.

चटईवर उताणे झोपा, गुडघे वाकवा, डोक्याखाली टॉवेलची घडी इतकी ठेवा की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. एक हात छातीवर, एक पोटावर. जीभ वर, दात सुटे. नाकाने श्वास घेताना पोटावरचा हात उचलला जावा, छातीवरचा जवळजवळ स्थिर. सोडताना घाई नको. पाच मिनिटं.

## टप्पा ४ : आता मान

याच झोपलेल्या स्थितीत सुरू करा, बसून नाही. झोपल्यावर डोक्याचं साडेचार-पाच किलोचं वजन चटई उचलते, त्यामुळे मानेच्या आतल्या, कण्यालगतच्या स्नायूंना शिकायला सवड मिळते.

१. जीभ वर, दात सुटे, एक श्वास आत-बाहेर.
२. डोकं न उचलता अगदी लहानसा होकार द्या, समोरच्याला दिसेल न दिसेल एवढा. हनुवटी गळ्याकडे सरकते, मानेची मागची बाजू लांब होते.
३. सहा सेकंद थांबा. श्वास चालू.
४. सोडा. सहा वेळा.

चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांनी जबडा-मानेसाठी ‘सहा वेळा, दिवसातून सहा खेपा’ हे प्रमाण रूढ केलं. कामाच्या घरात सहा खेपा जमत नाहीत हे मला माहीत आहे. तीन जमल्या तरी चालेल, पण एका बैठकीत सगळं उरकायचं नाही. थोडं आणि वारंवार केलेलंच लागू पडतं.

> तपासा : एका हाताची बोटं गालावर, दुसऱ्याची गळ्याच्या बाजूच्या त्या जाड स्नायूवर. होकार देताना दोन्ही मऊ राहायला हवेत. स्नायू उभा राहिला तर होकार निम्मा करा.

चार-पाच दिवसांनी भिंतीला पाठ लावून बसून करा, मग आधाराशिवाय.

इथे होणाऱ्या चुका : बोटाने हनुवटी मागे ढकलणं. गळ्यावर दाब येईपर्यंत रेटणं. श्वास कोंडणं. खांदे कानापर्यंत चढवणं. नजर खाली जाऊ देणं, म्हणजे होकाराऐवजी मान वाकवणं. आणि सहा सेकंदांच्या शेवटी नकळत दात टेकवणं, ही सगळ्यांची सवयीची चूक.

## टप्पा ५ : जबडा सरळ रेषेत उघडणं

आरशासमोर बसा. जीभ टाळूला ठेवूनच तोंड उघडा, जीभ सुटू लागेल तिथे थांबा. दोन्ही तर्जन्या कानाच्या अगदी पुढे, सांध्यावर. नाकाचा शेंडा आणि खालच्या दातांची मधली फट एका रेषेत राहिली पाहिजे. रेष एका बाजूला जात असेल तर उघडणं कमी करा, जिथपर्यंत सरळ जातं तिथपर्यंतच. सहा वेळा.

नुसती टकटक येते, दुखत नाही, तर काळजी नको. दुखून आवाज येतो किंवा मध्येच अडकतं, तर हा टप्पा सोडा आणि दंतवैद्याला दाखवा.

त्यानंतर हलका प्रतिकार. दोन बोटं हनुवटीखाली ठेवून तोंड थोडं उघडायचा प्रयत्न करा, पण उघडू देऊ नका. मग बोटं हनुवटीच्या डाव्या, मग उजव्या बाजूला. जोर एवढाच की पिकल्या चिकूवर बोट उमटू नये. सहा सेकंद, तीन वेळा प्रत्येक दिशेला.

## टप्पा ६ : कामात उतरवणं

दिवसातून वीस मिनिटं व्यायाम आणि आठ तास जुनी सवय, असं चाललं तर सवयच जिंकते. म्हणून हा टप्पा मी सगळ्यात लांब लिहितो आहे.

विळी आणि खवणी. मासळी कापताना, नारळ खवताना डोकं गुडघ्यांवर येतं आणि शेवटच्या जोराला दात आवळले जातात. बसायला थोडा उंच पाट घ्या, वाकणं कमरेतून होऊ द्या. नारळाची एक वाटी संपली की मान वर, जीभ वर, एक श्वास. वाटी हीच मोजणी.

काजू सोलणं. सूप किंवा ताट मांडीवर ठेवू नका, डबा किंवा स्टुलावर छातीच्या खालच्या पातळीला आणा. बारीक काम करताना जीभ दातांत धरणं, ओठ चावणं ही खूण ओळखा, जबडा कामाला लागला आहे. अर्ध्या तासाने उठा.

जाळी शिवणं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत दिवसचे दिवस खाली बघून जाळी दुरुस्त होतात. जाळं खांबाला किंवा खुंटीला उंचावर अडकवा म्हणजे ते नजरेसमोर येईल. सूत दातांनी धरून ओढायचं नाही, तोडायचंही नाही. कात्री गळ्यात अडकवून ठेवा. ओढ दातांनी धरली की तिचा झटका थेट मानेला बसतो.

डोक्यावरचं ओझं. कळशी, गवताचा भारा, मासळीची पाटी. मान दुखते आहे तोवर डोक्यावर वाहू नका, हे पहिलं सांगणं. नाइलाज असेल तर चुंबळ जाड घ्या, उचलायला दुसऱ्याचा हात घ्या आणि निघाल्यावर सोबतच्या बाईशी बोलत चला. बोलता येतं तोवर दात सुटे आहेत. बोलणं थांबून दात लागले की ओझं जास्त आहे.

आंबे काढणं. घळ (आंबे काढायची जाळी लावलेली लांब काठी) धरून वर पाहताना डोकं मागे पडतं, तोंड उघडं राहतं, आणि मान दुखायला लागली की दात मागच्या मागे आवळले जातात. बुंध्याला चिकटून उभे राहू नका, दोन पावलं मागे या म्हणजे मान कमी वाकते. छाती वर उचलून पाहा. दर आठ-दहा आंब्यांनी घळ खाली टेकवा आणि टप्पा ४ मधला एक होकार द्या.

मोबाईल, दुचाकी. मोबाईल छातीच्या उंचीवर. घाटातल्या खड्ड्यांत हेल्मेटखाली दात आवळले जातात, गाडी थांबली की पहिलं काम दात सोडणं.

## टप्पा ७ : खाणं आणि झोप

पहिले दोन-तीन आठवडे जबड्याला हलकं काम द्या. भाजलेला सुका बोंबील, ऊस, फणसपोळी, आंबापोळी, सुपारी बंद. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, आमटीत कुस्करलेली भाकरी चालेल. घास लहान, दोन्ही बाजूंनी चावून. जांभई आली की जीभ टाळूला लावा, म्हणजे जबडा मर्यादेपलीकडे उघडत नाही.

पोटावर झोपू नका. त्यात मान रात्रभर वळलेली आणि जबडा एका बाजूला दाबलेला राहतो. कुशीवर झोपताना उशी खांद्याच्या उंचीएवढी, हात गालाखाली नको. झोपेत दात खात असाल तर ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून बसवायचा गार्ड स्वतः घेऊ नका, दंतवैद्याकडून मापाने करून घ्या.

> सावध : मानदुखीसाठी कोणी यंत्राने दात झिजवून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात जुळायची ठेवण, बदलायचा सल्ला दिला तर घाई करू नका. झिजवलेला दात परत येत नाही. ज्या उपायातून मागे फिरता येतं, ते आधी करा आणि दुसरं मत घ्या.

## सहा आठवड्यांनी

वही उघडा, पहिल्या दिवसाच्या तीन नोंदी पुन्हा मोजा. सकाळचा जडपणा सगळ्यात आधी कमी होतो, मान वळणं त्यानंतर. बोटांचं माप सहसा सावकाश बदलतं. तिन्हींपैकी एकही हललं नसेल तर व्यायाम वाढवू नका. टप्पा ४ करताना घरातल्या कोणाला तरी तुमच्या गालांवर बोटं ठेवायला सांगा. गाल टणक लागले तर टप्पा २ पासून पुन्हा. गाल मऊ असूनही फरक नसेल तर वही घेऊन दंतवैद्य आणि फिजिओथेरपिस्ट दोघांकडे जा, आणि दुखणं नेमकं कोणत्या कामाला, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढतं ते आधी लिहून न्या.